‘फुकटचे पैसे’ नकोत म्हणता, पण डायरी काय म्हणते?

प्रश्न (जानेवारी २०२१): मी इंग्लंडमध्ये लग्नांचे फोटो काढतो. वर्षाला सरासरी २४,००० पाउंड नफा व्हायचा. करोनात कामं गेली. पत्नीचा पगार चालू आहे, म्हणून स्वयंरोजगारांसाठीची पहिली दोन सरकारी अनुदानं घेतली नाहीत. फुकटचे पैसे नको वाटले. तिसरं घ्यावं का?

उत्तर (त्याच महिन्यातलं): तुमचा संकोच समजतो, पण पत्नीच्या पगाराचा इथे संबंध नाही. तुमचा नफा ५०,००० पाउंडांच्या आत आणि तुमच्या एकूण उत्पन्नाच्या निम्मा तरी हवा, उत्पन्नाच्या बाबतीत एवढंच बघतात. आधीची अनुदानं घेतली नाहीत म्हणून हे अडत नाही. मात्र ती दोन्ही आता मिळणार नाहीत, मुदत संपली.

खरा प्रश्न वेगळा आहे. १ नोव्हेंबर ते २९ जानेवारी या काळात करोनामुळे काम घटलं आणि त्यानं नफ्यात लक्षणीय घट होईल, असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं का? ‘लक्षणीय’ म्हणजे किती टक्के, हे नियमात नाही. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातंही ते ठरवून देणार नाही. आणि तुमच्या धंद्यात एक गोम आहे: हिवाळ्यात तिकडे लग्नं तशीही कमीच. तेव्हा गेल्या हिवाळ्यातली आणि या हिवाळ्यातली डायरी शेजारी ठेवा. डिसेंबर २०१९ मध्येही पानं कोरीच असतील, तर दोष करोनाचा नाही, थंडीचा. पण या हिवाळ्यात तारखा लिहून मग खोडलेल्या असतील, लग्नाला १५ माणसांच्या मर्यादेमुळे कुणी लग्न पुढे ढकललं असेल, तर अर्ज बिनदिक्कत करा. ती पानं, रद्द झाल्याचे ईमेल जपून ठेवा, उद्या विचारणा झाली तर तोच पुरावा. नुसता मास्क-सॅनिटायझरचा खर्च वाढला, हे कारण चालत नाही. मधल्या काळात ऑनलाइन दुकानांसाठी वस्तूंचे फोटो काढून भर पडली असेल, तर तीही प्रामाणिकपणे हिशेबात धरा.

आता रक्कम. सरासरी नफा महिना २,०००, तीन महिन्यांचे ६,०००, त्याचे ८० टक्के म्हणजे ४,८०० पाउंड. हे कर्ज नाही, फेडायचं नाही. पण ‘फुकटचं’ही नाही. त्यावर प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेसाठीची सक्तीची वर्गणी) लागतं. मूळ दरानं २० आणि ९ टक्के धरले, तर १,३९२ पाउंड वेगळ्या खात्यात टाका आणि विसरा. यंदाचा नफा फार पडला असेल तर कर कमी बसेल, पण आधीच खूश होऊ नका.

जुलै २०२० चा कराचा हप्ता पुढे ढकलला होता का? तो ३१ जानेवारीला भरायचा आहे. अनुदान साधारण सहा कामकाजाच्या दिवसांत जमा होतं, तेव्हा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. शेवटची तारीख २९ जानेवारी. अर्ज स्वतःच भरा, अकाउंटंटला तुमच्या वतीनं तो करता येत नाही. आणि ‘अनुदान मंजूर, इथे क्लिक करा’ असा मेसेज आला, तर सरळ डिलीट करा.