ब्रेक दाबला की टेललाइट मंद, सेल्फला नुसता 'टक' : मासळीच्या जुन्या पिकअपचं अर्थिंग

भाऊ, तुमची अडचण वाचली. पंधरा-सोळा वर्षं जुनी डिझेल पिकअप, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. रात्री ब्रेक दाबला की मागचे दिवे उजळायच्या ऐवजी मंद होतात, एका बाजूचा इंडिकेटर दिला तर दोन्हीकडे फडफड होते आणि इंजिन तापलेलं असलं की कधीकधी सेल्फ 'टक' करून गप्प बसतो. बॅटरी नवी घातलीत, डायनामोचे ब्रश बदलून झाले, फरक शून्य. आता वायरमन म्हणतोय सगळी वायरिंग बदलून टाकू.

एवढ्यात पैसे काढू नका. दिव्यांचा घोळ तर सरळसरळ अर्थिंगचा आहे आणि सेल्फचाही बहुतेक तोच निघेल. गाडीत वीज बॅटरीच्या प्लसमधून वायरीने जाते आणि चासीच्या पत्र्यातून मायनसला परत येते; ही परतीची वाट म्हणजेच अर्थ. जायची वाट सगळे तपासतात, यायची कोणी बघत नाही. नवी हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) आणून त्याच गंजक्या बोल्टाला कसली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

मागच्या दिव्यांचं आधी सांगतो, कारण मासळीच्या गाडीत सुरुवात तिथूनच होते. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्यातून निथळत चासीच्या मागच्या क्रॉस मेंबरवर (आडव्या दांड्यावर) येतं, आणि टेललाइटची अर्थची वायर नेमकी त्याच्याच आसपास कसलेली असते. बल्बमध्ये दोन फिलामेंट, ब्रेकचं २१ वॉटचं आणि टेलचं ५ वॉटचं, आणि दोघांना मिळून अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकची वीज परतायला दुसरी वाट शोधते. ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि पार्किंगच्या लायनीतून, नंबरप्लेटच्या दिव्यातून, जिथून जमेल तिथून निघते. खात्री करायची तर सगळे दिवे बंद ठेवून नुसता ब्रेक दाबा आणि कोणाला तरी पुढे उभं करा. पार्किंगचे दिवे किंवा मीटरच्या डायलमधला दिवा मिणमिणला, तर चोर सापडला.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, पण तो बीपवर लावून वायर तपासू नका. बीप फसवतो. वायरच्या तीस तारांपैकी एक जरी शिल्लक असली तरी मीटर आनंदाने वाजतो, कारण तो तपासायला सोडतो ती वीज नखाएवढी. गरम सेल्फला दोन-तीनशे अँपिअर लागतात. तेवढ्या विजेच्या वाटेत ०.०१ ओहमचा गंज बसला तरी दोन-तीन व्होल्ट तिथेच खलास होतात, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांचाच अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून वायर तपासायची ती भार चालू असताना, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते बघून.

टेललाइटला असं करा. चार-पाच मीटरची एखादी वायर घेऊन मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसपर्यंत लांबवा. लाल पिन टेललाइटच्या अर्थवर टेकवा. दिवे लावा, ब्रेक दाबायला सांगा. ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर ठीक. दोन, तीन, चार दिसले तर तेवढे व्होल्ट बल्बला मिळतच नाहीयेत.

सेल्फला दोन माणसं लागतात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला लाकडी ठोकळा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची केबल ओढून धरलेली. केबल नसून डिझेल पंपाला सोलेनॉइड (विजेने चालणारी कळ) असेल तर त्याची वायर काढा. मग सेल्फ मारत असताना पहिलं माप बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर, क्लॅम्पवर नाही. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीच दमतेय किंवा सेल्फ आत जाम आहे. १२ च्या वर राहून नुसता 'टक' होत असेल तर बॅटरी निर्दोष, वाट अडलेली. मग मायनसच्या खुंटीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत मोजा, ०.३ च्या आत हवं. प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत ०.५ च्या आत. दोन्ही चांगले निघाले तर सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला वीज सोडणाऱ्या कळीच्या) दोन जाड बोल्टांमध्ये मोजा. 'टक' होतानाही तिथे जवळजवळ पूर्ण बारा व्होल्ट दिसत असतील तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत. तेवढे बदलून मिळतात, अख्खा सेल्फ घेऊ नका. कधी आवाजच येत नसेल तर सोलेनॉइडची बारीक वायर बघा. ती इग्निशन स्विचमधून येते आणि जुन्या स्विचमध्ये व्होल्ट गळतात. मध्ये एक रिले (थोड्या विजेने मोठी वीज चालू करणारा स्विच) टाकला की स्विचवरचा भार जातो.

माझा अंदाज मात्र मायनसच्या बाजूचाच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते, बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाजूला. खाली सरपटून ती बघा. वरून चिखल आणि ऑइलचा थर, म्हणजे धड वाटते. बोट घालून वाकवली की हिरवी भुकटी सांडते आणि लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी तारा तुटलेल्या दिसतात. ही पट्टी गेली की सेल्फची वीज अॅक्सिलरेटरच्या नाहीतर हँडब्रेकच्या केबलमधून परतायला बघते. सेल्फ मारल्यावर एखादी केबल गरम लागली तर समजून जा.

दुरुस्ती फार नाही. बॅटरीचा मायनस आधी काढा (लावताना शेवटी), म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडणार नाही. पट्टी नवी घ्या, जाड घ्या. बोल्टाखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने खरवडून लोखंड चकचकीत करा, कसा, आणि मग वरून ग्रीस. ग्रीस आधी आणि बोल्ट नंतर असं नको. मागच्या दिव्यांसाठी जुना अर्थ सुधारत बसू नका. ४ चौरस मिलिमीटरची काळी वायर दोन्ही टेललाइटपासून थेट पुढे आणा आणि चासीवर जिथे बॅटरीचा मायनस कसलाय तिथेच जोडा. हौद्यातलं पाणी तिथपर्यंत पोचत नाही. जुनी वायर सोलल्यावर तार काळी निघाली तर लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तारेला डाखही धरत नाही आणि क्रिंपही (दाबून बसवलेला जोड) टिकत नाही. कापडी टेप नको, पाणी धरून ठेवते. हीटश्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) लावा.

हेडलाइट मंद आहेत असंही ओघात लिहिलंत. व्होल्टेज दहा टक्के पडलं की हॅलोजनचा प्रकाश साधारण तीस टक्के पडतो, म्हणून १००/९० वॉटचे बल्ब घालायच्या आधी ६०/५५ च्याच बल्बवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा. जुन्या वायरीवर मोठा बल्ब म्हणजे कॉम्बिनेशन स्विच वितळवण्याची सोय.

डायनामोचं थोडक्यात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत, सगळे दिवे लावून थोडी रेस दिली तरी १३.५ च्या आसपास टिकायला हवेत. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डच्या मीटरमधला चार्जिंगचा दिवा पेटतो ना? बऱ्याच जुन्या डायनामोंना पहिला धक्का त्या बल्बमधूनच मिळतो, बल्ब उडाला की चार्जिंग बंद. आणि चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून 'बघा, बंद पडली नाही, डायनामो चांगला' अशी परीक्षा कोणी घेऊ लागला तर हात धरा. बॅटरी नसताना व्होल्टेज उसळतं आणि डायोड, बल्ब, गाण्याचा टेप जे सापडेल ते जाळतं.

इंडिकेटरचा फ्यूज दोनदा उडाला, मग सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावून घाट उतरलो, असं तुम्ही लिहिलंय. ती चांदी आजच काढा, गाड्या अशाच पेटतात. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण पावणेदोन अँपिअरच्या वर वीज जाऊ देणार नाही, वायर सुरक्षित. मग मागून पुढे एकेक जोड हलवत या. ज्या जागी हात लावल्यावर बल्ब एकदम मंदावला किंवा लुकलुकायला लागला, तिथलं इन्सुलेशन सोलवटलेलं आहे. हौद्याच्या खालच्या क्लिपा आधी बघा, तिथे वायर पत्र्याला घासते.

राहिला हार्नेसचा प्रश्न. डॅशबोर्डखालची आणि बॉनेटमधली एकेक वायर बोटाने वाकवून बघा. इन्सुलेशन तडकून तुकडे पडत असतील तर वायरमन बरोबर सांगतोय, बदला. वायर लवचिक असेल तर केबिनमधलं काही उचकटायला देऊ नका, फक्त हौद्याखालची लाइन नवी टाकून घ्या.