आधी ओढायचं काहीतरी घ्या
घरचा व्यायाम : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. वय ३१, वजन ७८ किलो. व्हिडिओ बघून करायचा ९० दिवसांचा कार्यक्रम सुरू करायचाय. आठवड्याचे सहा दिवस, रोज तासभर. सामानासाठी दहा हजार रुपये बाजूला काढलेत. काय घ्यावं आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : जोर काढायला आणि बैठका मारायला सामान लागत नाही. ढकलणं आणि उठणं-बसणं या दोन्ही गोष्टी जमिनीच्या आणि अंगाच्या वजनाच्या जिवावर होतात. स्वतःकडे ओढण्याचा व्यायाम मात्र रिकाम्या खोलीत होत नाही. आखाड्यात ती उणीव दोर चढून किंवा मल्लखांबावर भरून निघते. घरी नुसते जोर वाढवत गेलात, तर छाती आखडते, पाठीचा वरचा भाग मागे पडतो आणि काही आठवड्यांनी खांदा पुढच्या बाजूने कुरकुर करू लागतो. म्हणून पहिला खर्च ओढण्याच्या सामानावर.

त्यासाठी रबरी बँड घ्या. सुमारे ४१ इंच लांबीचे, सलग वेटोळ्याचे लॅटेक्सचे बँड मिळतात. अंदाजे १३, २२ आणि ३२ मिमी रुंदीचे तीन पुरेत. वेष्टनावरच्या किलोच्या आकड्यावर फार विसंबू नका. बँड जितका ताणाल तितका जड होतो, त्यामुळे एकच बँड एका माणसाला १० किलोचा आणि दुसऱ्याला २० किलोचा वाटू शकतो. सोबत दारात अडकवायचा पट्टा घ्या. पट्टा अडकवताना एक चूक हमखास होते. दार तुमच्या दिशेने उघडत असेल, तर जोरात ओढल्यावर कडी निसटून दार आणि बँड दोन्ही अंगावर येतात. म्हणून ज्या बाजूने दार ढकलून उघडावं लागतं, त्या बाजूला उभे राहा. तुमच्या ओढण्याने दार चौकटीत आणखी घट्ट बसलं पाहिजे. कडी लावाच. दर आठवड्याला बँड ताणून उजेडात धरा. बारीक भेग किंवा कडेला चीर दिसली, तर तो बँड टाकून द्या. उन्हात, गॅलरीतल्या दोरीवर ठेवलेला बँड लवकर मरतो.

दुसरी वस्तू म्हणजे सुट्या प्लेटचे डंबेल. इथे दुकानात नीट बघा. २० किलोचा सेट म्हणून ५ किलोच्या ४ प्लेट हातात दिल्या, तर एका हातात एकदम १० किलो, नाहीतर नुसता रॉड. मधला टप्पाच नाही. त्यापेक्षा २.५ किलोच्या ८ आणि १.२५ किलोच्या ४ प्लेट मागा. त्यात प्रत्येक हाताला अडीच-अडीच किलोने चढत १२.५ किलोपर्यंत जाता येतं, शिवाय रॉडचं वजन वेगळं. १४ इंची भरीव रॉड नटांसकट दीड ते दोन किलोंचा भरतो, तो हिशेबात धरा. शक्य असेल तर सगळं सामान काट्यावर घालून बघा. लिहिलेलं वजन आणि खरं वजन यांचं नेहमी जमतंच असं नाही.

पीव्हीसी कवचात सिमेंट किंवा वाळू भरलेल्या प्लेट स्वस्त असतात, फरशीला सोसतात. पण आतल्या भरावाची घनता लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच वजनाला तिप्पट जागा लागते. छोट्या रॉडवर दोन प्लेट घातल्या की नटाला आटेच उरत नाहीत. आणि शिवण उसवली की घरभर वाळू. जमत असेल तर लोखंडी घ्या. नट चाकासारखे, फिरवून बसवायचे आणि आत रबरी वॉशर असलेले हवेत. साधी स्प्रिंगची क्लिप डोक्यावर वजन नेताना सरकते. प्लेटचं भोक २५-२६ मिमीचं की ५० मिमीचं हेही विचारा, नाहीतर पुढे घेतलेल्या प्लेट रॉडवर बसणार नाहीत.

तिसरं, जमीन. ६ मिमीची योगा मॅट आसनांसाठी ठीक आहे. उड्या मारताना ती चुरगळते आणि सरकते. त्याहून जाड, मऊ फोमची मॅट आणखी वाईट, कारण तिच्यावर घोटा मुरगळतो. साधारण ६ फूट बाय ४ फुटांची, ८ ते १० मिमी जाडीची घट्ट रबरी चटई घ्या. वास जायला दोन दिवस गॅलरीत पसरून ठेवा. चटई खालच्या मजल्याला जाणारा धक्का थोडाच कमी करते, सगळा थांबवत नाही. पहाटे साडेपाचला उड्यांचा दिवस ठेवू नका.

बाक, पोटाचं यंत्र, मल्टिजिम यातलं काहीही आत्ता नको. पैसे उरले तर बुटांवर घाला.

प्रश्न : दोरीच्या उड्यांची दोरी किती लांब असावी?

उत्तर : दोरीच्या मधोमध एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी वर ओढा. मुठीची टोकं काखेपर्यंत आली की दोरी बरोबर. सुती दोरी हलकी असते, फिरताना ढिली पडते; बेअरिंगच्या मुठीची पीव्हीसी दोरी बरी.

प्रश्न : पुल-अपचा बार बसवायचा आहे. दारात स्क्रूने ताणून बसणारा चालेल का, की भिंतीत ठोकावा? घर नाशिकला, तिसऱ्या मजल्यावर.

उत्तर : दारात ताणून बसणारा बार फक्त घर्षणावर उभा असतो. आपल्याकडच्या लाकडी चौकटी भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी, धरलेल्या असतात. बार रोज घट्ट पिळत गेलात, तर चौकट बाहेर दबते आणि कडेचा गिलावा तडकतो. बाथरूमच्या संगमरवरी किंवा ग्रॅनाइटच्या चौकटीत तर तो बसवूच नका, गुळगुळीत दगडावर रबर घसरतं. चौकटीच्या वरच्या पट्टीवर आकडा टाकून लटकणारा बार परदेशी व्हिडिओत दिसतो. त्याला भिंतीपासून पुढे आलेली रुंद, भक्कम पट्टी लागते, ती आपल्या बहुतेक घरांत नसते.

भिंतीवरचा बार उत्तम, पण कोणत्या भिंतीवर, हा खरा प्रश्न. चार इंची विटांच्या आडभिंतीवर नको. पोकळ किंवा हलक्या एएसी (आत हवेचे बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या) ब्लॉकच्या भिंतीत नेहमीचे अँकर फास्टनर, म्हणजे भोकात नळी फाकवून धरणारे बोल्ट, नीट धरत नाहीत. ब्लॉक भुगा होऊन सुटतो. जागा हवी ती आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, बीमची. ड्रिल मारताना पडणारी भुकटी बघा. पहिले १२ ते २० मिमी गिलाव्याचे, ते सगळीकडे राखाडीच. त्यापुढे लाल भुकटी आली तर वीट, पांढुरकी येऊन ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर एएसी, आणि राखाडी येऊन ड्रिल कुरकुरत, हळू गेलं तर काँक्रीट. मुंबई-पुण्याकडच्या ॲल्युमिनियम साच्यात ओतलेल्या, म्हणजे मायव्हान पद्धतीच्या नव्या इमारतींत बहुतेक भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे जागा शोधावी लागत नाही, फक्त आतल्या वायरिंगचा रस्ता आधी विचारून घ्या. नव्या टॉवरच्या छताच्या स्लॅबला मात्र विचारल्याशिवाय भोक पाडू नका. काही स्लॅबमध्ये ताण दिलेल्या तारा असतात, आणि त्या कापल्या जाणं ही किरकोळ चूक नाही.

भोक फास्टनरच्या नळीच्या व्यासाचंच पाडा, पाकिटावर मापं असतात. खोली गिलावा सोडून काँक्रीटमध्ये मोजायची, किमान ६० मिमी. ड्रिल एकदम अडलं, लोखंडाचा आवाज आला, की ती सळई समजा. जोर न करता दोन-तीन इंच बाजूला सरका. भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने पूर्ण काढा. ती राहिली तर नळी नीट फाकत नाही. सैल फास्टनरचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. बार भिंतीपासून ५० सेंमी तरी पुढे हवा, म्हणजे गुडघे आपटत नाहीत. पण तो जितका पुढे, तितकी वरच्या बोल्टांवर बाहेर खेचणारी ओढ जास्त. म्हणून दोन्ही ब्रॅकेटचे वरचे बोल्ट बीममध्येच आले पाहिजेत. छत आणि बार यांच्यात फूटभर जागा ठेवा, डोक्यासाठी.

पहिल्या दिवशी खाली स्टूल ठेवून, पाय टेकवून लटका. आठवड्याने सगळे नट पान्याने पुन्हा आवळा. झोके घ्यायचे नाहीत. झोक्यात बोल्टांवर येणारी ओढ स्थिर लटकण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

भाड्याच्या घरात असाल तर बारचा नाद सोडा, वरच्या उत्तरातले बँड घ्या.

प्रश्न : वय ४६, गृहिणी, सांगली. रक्तदाबाची गोळी रोज घेते, दाब आटोक्यात आहे. मुलीबरोबर जोरकस व्यायामाचा कार्यक्रम करावा असं मनात आहे. नाडीचे ठोके मोजून व्यायाम करायचा असं तिचं म्हणणं.

उत्तर : आधी गोळीचं नाव बघा. नावाच्या शेवटी ‘ओलॉल’ असेल, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल, तर ती हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. २२० वजा वय हे जास्तीत जास्त ठोक्यांचं सूत्र किंवा हातातल्या घड्याळाचा आकडा तुमच्यासाठी फसवा ठरेल. नाडी ११०वर दिसत असताना प्रत्यक्षात दमछाक पुरती झालेली असू शकते. बोलून बघा : पूर्ण वाक्य बोलता येतं तोवर श्रम मध्यम, दोन-तीन शब्दांवर दम लागतो तिथे जोरकस. पहिला महिनाभर मध्यमच. लघवी वाढवणारी गोळी असेल, तर घामाच्या दिवसांत पाणी आणि क्षार दोन्ही जातात. किती मीठ चालेल ते डॉक्टरांना विचारा. ॲम्लोडिपिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी असेल, तर व्यायाम एकदम थांबवला की भोवळ येऊ शकते. शेवटची ५ ते १० मिनिटं रमतगमत चाला, लगेच बसू नका.

वजन उचलताना श्वास कोंडू नका. कोंडलेल्या श्वासावर रक्तदाब झपकन चढतो. उचलताना सोडायचा, खाली नेताना घ्यायचा. ज्या दिवशी बसल्या जागी दाब १८०/११० किंवा त्याहून जास्त दिसेल, त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. सुरुवातीआधी त्यांना नुसतं ‘व्यायाम करू का’ असं विचारू नका, सगळे ‘करा’ म्हणतात. उड्या, धावणं आणि जड वजन आहे असं स्पष्ट सांगा. छातीत दडपण येणं, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम लागणं, चक्कर यांपैकी काही कधी झालं असेल तर तेही सांगा.

प्रश्न : कोल्हापूरहून लिहितोय. १९ वर्षांच्या भाच्याने मित्रांशी पैज लावून पहिल्याच दिवशी ५०० बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या, पाय मुडपेनात. घरातले म्हणाले, कसर (अंगाचं दुखणं) काढायला पुन्हा बैठका मार. लघवी काळसर होत होती. आता तो बरा आहे, पण हे काय होतं?

उत्तर : डॉक्टरांनी काय निदान केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ही लक्षणं स्नायू फुटून त्यातला मायोग्लोबिन (स्नायूतलं एक प्रथिन) रक्तात उतरल्याची आहेत. तो मूत्रपिंडावर बसतो आणि ती निकामी होऊ शकतात. नव्या व्यायामानंतर मांड्या भरून येणं वेगळं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि चालल्यावर थोडं मोकळं होतं. कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, ताठ सूज आणि वाढतच जाणारं दुखणं दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. रक्ताची सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी) तपासणी होते, सलाइन लागू शकतं. घरची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडावर त्यांचा आणखी ताण पडतो. आणि कसर त्याच व्यायामाने काढायचा सल्ला अशा वेळी घातक आहे.

बैठकीत स्नायूला सर्वाधिक मार बसतो तो खाली जाताना, ताणलेल्या अवस्थेत भार पेलताना. थोड्या मात्रेने सुरुवात केली की स्नायू काही दिवसांत सावध होतो आणि तोच भार पुढच्या वेळी कमी दुखतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी १५च्या तीन फेऱ्या भरपूर झाल्या. भाच्याने डॉक्टरांची परवानगी आणि तपासण्या पूर्ववत झाल्याशिवाय बैठका घेऊ नयेत.

प्रश्न : ‘तयारी करा, मग कार्यक्रम घ्या’ असं सगळे म्हणतात. तयारी म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : चार आठवडे धरा. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही लवकर वळतात. कंडरा आणि हाडं मागाहून येतात. म्हणूनच ‘आता जमतंय’ असं वाटायला लागल्यावरच नडगी आणि टाच दुखू लागते. पहिले दोन आठवडे दिवसाआड बैठका, जोर (जमिनीवर जमत नसतील तर ओट्याला हात टेकून), बँडने ओढणं आणि कोपरांवर तोलून धरणं. आधी दोन, मग तीन फेऱ्या. मधल्या दिवशी ३० मिनिटं भरभर चालायचं. तिसऱ्या आठवड्यात दोरीच्या उड्या : २० सेकंद उडी, ४० सेकंद विश्रांती, सहा वेळा, आठवड्यातून तीनदाच. चौथ्यात ३० आणि ३०, आठ वेळा. पाय चवड्यांवर पडावा, गुडघा किंचित वाकलेला असावा आणि आवाज येऊ नये. धप्प आवाज येत असेल, तर उड्या संपवा, दम शिल्लक असला तरी. शेवटचे तीन दिवस सगळं निम्म्यावर आणा.

एका पायावर उभं राहून, भिंतीला बोट टेकवून, टाच २० वेळा उचलता येते का ते दोन्ही पायांनी बघा. येत नसेल तर उड्या आणखी लांबवा. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूत दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. अस्थिरोग तज्ज्ञांकडे जा.

घाम किती जातो हे वजनकाट्यावर कळतं. व्यायामाआधी आणि नंतर, अंग पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं, तर लिटरभर द्रव गेला. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा आकडा बघून दचकाल. लिंबू, मीठ, साखर घातलेलं सरबत त्याला पुरतं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर साखर-मिठाचं डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : रत्नागिरीत राहते. लोखंडी प्लेट पावसाळ्यात गंजतात. काय लावू?

उत्तर : व्यायामानंतर घाम पुसा आणि आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. पकडायच्या जागी तेल नको, तिथे नुसतं कोरडं फडकं. गंज चढलाच असेल तर तारेच्या ब्रशने घासून, पुसून मग तेल लावा. प्लेट जमिनीला किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला. नटाचे आटे जुन्या टूथब्रशने साफ करत जा. गंजलेला नट अर्ध्यावर अडकतो आणि पूर्ण बसला असं वाटतं.