रोख्यांच्या विश्लेषण विभागात नेमके काम काय?

प्रश्न : माझ्या मुलीने महाराजा सयाजीराव विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून मुंबईतील एका बँकेच्या फिक्स्ड इन्कम अॅनालिटिक्स विभागात तिची निवड झाली आहे. तिथे शेअर्सची खरेदी-विक्री करावी लागते का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही. शेअर्सशी या विभागाचा संबंध जवळजवळ नसतो, आणि रोख्यांची (म्हणजे ठरावीक व्याज देणाऱ्या कर्जपत्रांची) खरेदी-विक्रीही बँकेचे डीलर, म्हणजे सौदे करणारे कर्मचारी, करतात. त्यांच्या हाती असलेल्या सरकारी व खासगी रोख्यांचे आजचे मूल्य किती आणि व्याजदर हलले तर त्यात किती फरक पडेल, हे सांगणारी गणिते व संगणकीय प्रणाली हा विभाग तयार करतो.

उदाहरणार्थ, दर सहा महिन्यांनी व्याज देणारा, ७ टक्के वार्षिक दराचा, १०० रुपयांचा दहा वर्षांचा रोखा घ्या. बाजारातील परताव्याचा दर ७ वरून ८ टक्क्यांवर गेला, की ७ टक्केच देणाऱ्या या रोख्याची किंमत सुमारे ९३ रुपये २० पैशांपर्यंत उतरते. असे हजारो रोखे असतात, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात, आणि दिवस मोजण्याची पद्धतही एक नसते : आपल्याकडे सरकारी रोख्यांसाठी वर्ष ३६० दिवसांचे, तर ट्रेझरी बिलांसाठी (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जपत्रांसाठी) ३६५ दिवसांचे धरतात. माझ्या मते खरा कस इथेच लागतो, कारण सूत्र पुस्तकात सापडते, पण चुकीची तारीख शोधण्यात अख्खी दुपार जाते.

तिचे संख्याशास्त्र उपयोगी पडेलच; पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) मात्र रुजू होण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे.