कळा आणणारं ड्रिप आणि बाळाची कावीळ
कळा आणण्यासाठी दिलेल्या ऑक्सिटोसिन या औषधाच्या ड्रिपमुळेच बाळाला कावीळ झाली, असा निष्कर्ष लगेच काढू नका. संबंध असू शकतो, पण छोटा. हे औषध शरीरात पाणी धरून ठेवतं. मोठा डोस बराच वेळ, तोही नुसत्या ग्लुकोजच्या सलाइनमधून गेला, तर आईच्या आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरतं. बाळाच्या तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात, लवकर फुटतात आणि बिलिरुबिन (कावीळ आणणारा पिवळा पदार्थ) वाढतं. म्हणून ड्रिप नॉर्मल सलाइन (मिठाचं पाणी) किंवा रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त सलाइनमध्ये, पंपावर मोजून दिलेलं बरं.

माझ्या मते आधी गरोदरपणाचे आठवडे बघा. 37व्या आठवड्याच्या आसपासच कळा आणल्या असतील, तर बिलिरुबिन बाहेर टाकणारं बाळाचं यकृत पुरतं तयार नसतं आणि बाळ दूध नीट ओढून पीतही नाही. आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल, तर बाळाचा गट लगेच विचारा, कारण गट न जुळल्यानेही कावीळ होते.

दिवसाउजेडी बाळाच्या नाकावर, छातीवर बोट दाबून उचला. पिवळी छटा दिसते. सावळ्या बाळाच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पण नेमकी पातळी नजरेनं कळत नाही, बिलिरुबिनची तपासणीच हवी. तिचा आकडा बाळाच्या वयाच्या तासांनुसार वाचतात. पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, बाळ पेंगुळलं, दूध ओढेना किंवा शी पांढरट झाली, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पाजा, वरचं पाणी नको. कोवळं ऊन म्हणजे फोटोथेरपी (कावीळ उतरवणारे दवाखान्यातले प्रकाशाचे उपचार) नव्हे.