खायचं की उपाशी राहायचं?

"मॅडम, टीबीचे डॉक्टर म्हणतात भरपूर खा, शुगरचे म्हणतात बेतानं खा. आता ह्यांनी करायचं तरी काय?" काकू उभ्या उभ्याच बोलल्या. काका गप्प. पन्नाशीतले रिक्षावाले, मधुमेह आठ वर्षांचा. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता. वजन ४६ वरून ४४, आणि उपाशीपोटीची साखर १६० वरून २४०. त्यामुळे टीबीच्या गोळ्याच बंद करायच्या, असं घरात ठरत आलं होतं.

मी विचारलं, काल काय खाल्लंत? सकाळी कारल्याचा रस, दोन्ही वेळा अर्धी भाकरी. डाळ वातूळ, अंडं उष्ण, म्हणून दोन्ही बंद. मग काकूंनी पिशवीतून 'ताकदीच्या' पावडरीचा डबा काढला. सरकारकडून पोषणासाठी मिळणारे महिन्याचे १००० रुपये त्यात जात होते. डबा फिरवून मी मागचं लेबल वाचून दाखवलं: पहिल्या तीन घटकांत साखर. काकूंचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. त्यांनी मायेनंच आणला होता.

साखर चढण्यामागे आणखीही कारणं असतात. टीबीनं शरीरावर ताण येतो, त्यानंच साखर वाढते. शिवाय लघवी नारिंगी करणारं रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं. अशा वेळी डॉक्टर मधुमेहाचं औषध बदलतात, टीबीचं थांबवत नाहीत. साखर चढीच राहिली तर थुंकीतले जंतू जायला वेळ लागतो आणि बरा झालेला टीबी उलटण्याची भीती राहते.

त्याच दिवशी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं. इन्सुलिन म्हणताच काका पहिल्यांदा बोलले, "ते लागलं की सुटत नाही." पुष्कळांचं टीबी बरा झाल्यावर सुटतं, हे मी पाहिलंय, तसंच सांगितलं. पायाला मुंग्या येतात का, हेही विचारलं. येत होत्या, पण सांगितलं नव्हतं. मुंग्या मधुमेहानंही येतात आणि टीबीच्या आयसोनियाझिडनंही, म्हणून बी-६ ची गोळी चालू आहे ना, तेही पाहून घेतलं.

महिन्यानं काकूंनी माझ्यासमोर डबा उघडला: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं. वजन ४५.५, साखर १३८. रिफाम्पिसिन संपलं की तेवढंच इन्सुलिन जास्त ठरून साखर एकदम उतरू शकते. म्हणून शेवटच्या गोळीची तारीख मी त्यांच्या फाइलवर लाल पेनानं लिहिली, आणि पुढे: 'याच आठवड्यात साखर तपासून डॉक्टरांना भेटणे.'