पाय भरभर पडतात, तरी उशीर का होतो?

प्रिय मुली,

जमिनीवर अंथरलेल्या सरावाच्या शिडीच्या चौकोनांत तुझे पाय पटापट पडतात, मग बॉक्सिंगच्या रिंगमध्ये समोरची बाजूला सरकली की तू मागे का राहतेस, असं तू विचारलंस. शिडीचा पुढचा चौकोन कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं. तिथे पावलं पाठ होतात, डोळ्यांना काहीच काम नसतं. शिडी वॉर्म-अपपुरती 5 मिनिटं ठेव, बास.

आधी थांबायला शिक. 4 पावलं वेगात पुढे जा आणि 2 आखूड पावलांत पवित्र्यातच थांब. गुडघा आत वळला, टाच आपटली किंवा छाती पुढे झुकली, तर ती फेरी धरू नकोस. अशा 5 पुढे, 5 मागे. आत वळणाऱ्या गुडघ्याकडे दुर्लक्ष नको गं, लिगामेंट अशाच थांबण्या-वळण्यात फाटतं.

मग जोडीदार घे. तिच्या पुढच्या खांद्याला हात लावायचा, स्वतःचा वाचवायचा. 10 सेकंद जीव तोडून, 50 सेकंद विश्रांती, असं 6 वेळा. विश्रांती फार वाटेल, पण कापलीस तर तो दमाचा व्यायाम होतो आणि दमलेल्या पायांना जड पावलांचीच सवय लागते. म्हणूनच हे वॉर्म-अपनंतर लगेच, स्पारिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, आधी. मंगळवार आणि शुक्रवार पुरेत. नजर तिच्या छातीवर ठेव. हाताने हूल देता येते, पण धड हलवल्याशिवाय कुणाला सरकता येत नाही.

डावीकडे जाताना डावा पाय आधी, उजवीकडे उजवा. रेटा मात्र विरुद्ध पायाच्या चवड्याचा. पाय जुळले किंवा त्यांची फुली झाली, की साधा जॅबही, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसाही, तोल घालवतो.

येऊरचा चढ रविवारी खुशाल धाव, पायांत ताकद येईल. पण तलावपाळीच्या ओल्या फरशीवर हे वळण्याचे सराव पावसाळ्यात अजिबात करू नकोस, मॅटवरच कर. धावायचे जाड टाचेचे बूटही नकोत, बाजूला वळताना त्यात घोटा मुरगळतो.

3 आठवड्यांनी खांदा-स्पर्शाच्या पहिल्या आणि सहाव्या फेरीचा व्हिडिओ पाठव. समोरून नको, बाजूने काढ आणि पाय पूर्ण दिसू देत.