उत्तरं वेगवेगळी असू शकतात: सातवीतली मुलगी आणि घरच्या शाळेचा कॅथलिक अभ्यासक्रम

मुलगी बारा वर्षांची, सातवीत. कुटुंब मूळचं वसईचं, आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात. दोन वर्षं घरीच शिक्षण. आई नर्स, आठवड्याला तीन रात्रपाळ्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आमच्याकडे सल्ला मागायला आलेल्या या आईचा प्रश्न नेहमीचाच होता: "आम्ही चुकीचा अभ्यासक्रम घेतला का? आता मध्येच बदलला तर पोरीचं वर्ष वाया जाईल का?" खरी धास्ती मात्र दोन वाक्यांनंतर बाहेर आली. ऑक्टोबरपासून मुलगी धर्मशिक्षणाचं पुस्तक उघडायला तयार नव्हती, रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायलाही कुरकुरत होती. "शाळेतून काढलं ते श्रद्धा टिकावी म्हणून. आणि नेमकी तीच हातातून चाललीय."

अशा वेळी अभ्यासक्रमांची तुलना करत बसण्यात अर्थ नसतो. आधी मुलाच्या वह्या बघायच्या. धर्मशिक्षणाच्या वर्कबुकातल्या दर दहाव्या पानाचा फोटो मागवला. पहिल्या तीन धड्यांत पूर्ण वाक्यं, नीट अक्षर. चौथ्यापासून एकेका शब्दाची उत्तरं. सातव्या धड्यात प्रश्न होता, देवाची कृपा तुझ्या आयुष्यात तुला कुठे जाणवते? त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तरं वेगवेगळी असू शकतात.'

पालकांसाठीच्या उत्तरपुस्तिकेतली ओळ तिने जशीच्या तशी उतरवली होती. आईला त्यात खोटेपणा दिसला आणि तिने मुलीला पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे चूक कबूल करायला, नेलं. तो भाग फादरांचा. पण ज्याला शिताफीने नक्कल करायची असते तो ही ओळ नक्कीच गाळतो. जे मूल ही ओळसुद्धा उतरवतं, ते आपण काय लिहितोय हे वाचतच नसतं. ही थकव्याची खूण आहे. मुलीशी वेगळं बोलल्यावर तिनेच सांगितलं: "मला देवाचा राग नाही आला. त्या वहीचा आलाय."

वेळापत्रक पाहिल्यावर उलगडा झाला. पूर्ण नावनोंदणीचं तयार पॅकेज, नऊ विषय, रोजचा छापील लेसन प्लॅन. गणित 'महत्त्वाचं' म्हणून पहिलं. धर्मशिक्षण 'आपलंच आहे, होईल' म्हणून शेवटचं, म्हणजे रात्री साडेसात-आठला. ज्या विषयासाठी सगळा खटाटोप, त्याच्या वाट्याला दिवसाचा गाळ येत होता.

इतके तास का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "कायदाच आहे ना, ९९० तास." इथे बरेच पालक अडकतात. पेनसिल्व्हेनियाच्या नियमात सातवी ते बारावीसाठी १८० दिवस किंवा ९९० तास असं आहे. 'किंवा'! ही आई दोन्ही पुरं करत होती, म्हणजे रोज साडेपाच तास, घड्याळ लावून. दिवस मोजले तर तासांचा हिशेब लागत नाही. प्रमाणित चाचणी तिसरी, पाचवी आणि आठवीत, सातवीत नाही. वर्षाअखेरीस मूल्यमापक मुलाशी बोलून पोर्टफोलिओ (वर्षभराच्या कामाची फाइल) पाहतो, आणि त्याचा दाखला ३० जूनपर्यंत स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटकडे जातो. मूल्यमापक पाहतो ते मुलाची प्रगती. वर्कबुकचं शेवटचं पान भरलंय का, हे नव्हे. इतर राज्यांचे नियम पार वेगळे आहेत. टेक्ससमध्ये कुणाला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये आराखडा द्यावा लागतो आणि दर तिमाहीला अहवाल. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा सल्ला मानण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा.

मग गणित. मुलीकडे सॅक्सन मालिकेचं ८/७ पुस्तक होतं. ती सातवीत, पुस्तकावर सात, म्हणून घेतलं. पण त्या आकड्यांचा अर्थ असा की हे पुस्तक सर्वसाधारण आठवीच्या मुलाला किंवा पुढे असलेल्या सातवीच्या मुलाला आहे. सर्वसाधारण सातवीसाठी ७/६. कुठलं पुस्तक झेपेल ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट कुणी घेतलीच नव्हती. ती घेतली तेव्हा अपूर्णांकांच्या भागाकारावर गाडी थांबली.

वर आणखी एक घोटाळा. वेळ वाचवायला आई फक्त विषम क्रमांकाची उदाहरणं सोडवून घेत होती. एकच प्रकार वीसदा विचारणाऱ्या पुस्तकात हे चालतं. सॅक्सनच्या एका धड्यात नवी गोष्ट अगदी थोडी, आणि साधारण तीस उदाहरणांच्या मिश्र सरावात मागच्या धड्यांची उजळणी विखुरलेली असते. निम्मी उदाहरणं गाळली की एखादा जुना प्रकार आठवडेच्या आठवडे समोर येत नाही आणि विसरला जातो. इथे तसंच झालं. ७/६ वर आणलं, उदाहरणं सगळी, पण पन्नास मिनिटं झाली की वही बंद, उरलेली उद्या. गणिताची उत्तरपुस्तिका आणि लाल पेन मुलीच्याच हाती दिलं: उत्तर चुकलं तर पुसायचं नाही, चूक कुठल्या पायरीवर झाली तिथे खूण करायची. आई आधी दचकली.

यानंतरच 'कॅथलिक अभ्यासक्रम कुठला' हा प्रश्न घेतला. आमचं मत स्पष्ट आहे: प्रत्येक पुस्तक कॅथलिक असण्याची गरज नाही. बीजगणिताच्या उदाहरणात सफरचंदांऐवजी जपमाळा मोजल्या म्हणून ते अधिक पवित्र होत नाही. फरक पडतो तो धर्मशिक्षण, इतिहास आणि साहित्य या तीन विषयांत, आणि थोडाफार जीवशास्त्रात. पैसा आणि निवडीचा वेळ तिथे घाला.

धर्मशिक्षणाच्या पुस्तकाचं पहिलं-दुसरं पान पाहा. 'निहिल ऑब्स्टॅट' आणि 'इम्प्रिमातुर' म्हणजे मजकूर शिकवणुकीविरुद्ध नाही आणि छापायला बिशपांची परवानगी आहे. पुस्तक तुमच्या मुलाला झेपेल याची ती हमी नव्हे. अमेरिकेच्या बिशप परिषदेकडे 'कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाशी' सुसंगत ठरलेल्या पाठ्यपुस्तकांची यादीही असते. 'फेथ अँड लाइफ' मालिकेत सातवीचं वर्ष कृपा आणि संस्कारांभोवती (बाप्तिस्म्यासारखे चर्चचे पवित्र विधी), आठवीचं ख्रिस्तसभेभोवती, म्हणजे चर्चभोवती आहे. बॉल्टिमोर कॅटेकिझम मूळ १८८५ चा, प्रश्नोत्तरी. पाठांतराला उत्तम, पण आवृत्ती तपासा. जुन्या पुनर्मुद्रणात ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेण्याआधी मध्यरात्रीपासून उपवास असं सापडतं, आजचा नियम एक तासाचा आहे. मन लावून वाचणारं बारा वर्षांचं मूल अशा एका ओळीने धास्तावू शकतं. इतिहासाच्या जुन्या पुस्तकांतही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयीची भाषा आणि पुस्तक कुठल्या दशकात थांबतं, हे घेण्याआधी चाळावं.

तयार कार्यक्रमांत सेटन (फ्रंट रॉयल, व्हर्जिनिया) बांधीव: रोजचा आराखडा, चाचण्या तपासून येतात. मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस आणि कोल्बे अकॅडमी क्लासिकल वळणाचे, लॅटिन आणि चर्चेवर भर. कॅथलिक हेरिटेज करिक्युला त्यामानाने मवाळ. यातलं 'चांगलं' कुठलं हा प्रश्नच फसवा. वर्कबुक पद्धतीत मूल एकटं बसतं, पण रोज तपासावं लागतं. तीन दिवस तपासणी तुंबली की मुलाला कळतं आणि उत्तरपुस्तिका बाहेर येते. चर्चेच्या पद्धतीत लेखन कमी, पण समोर जागा असलेला मोठा माणूस हवा. रात्रपाळी करून आलेली आई सकाळी नऊला चर्चा करू शकत नाही, मग अभ्यासक्रम कितीही सुंदर असो.

म्हणून या कुटुंबाने खरेदीआधी दोन आठवडे एक कागद भरला. प्रत्येक विषयापुढे दोनच आकडे: मुलीला लागलेली मिनिटं आणि मोठ्या माणसाची मिनिटं. शिकवायला मोकळे असे आईचे जागे तास आठवड्याला निघाले नऊ, बाबांचे पाच. पॅकेजला किमान वीस लागत होते! त्या आकड्यांवरून पुढचं ठरलं. पॅकेजमधला साहित्य हा विषय ठेवला, कारण मुलीनेच तो मागितला. गणित आणि व्याकरण ती एकटी करू शकेल असं. इतिहास बाबांकडे, संध्याकाळी. लॅटिन या वर्षी नाही. धर्मशिक्षण आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं, आई जागी असते त्या वेळी. अर्धा वेळ तोंडी, लेखी एकच प्रश्न. आणि दोन गोष्टी वरून जोडल्या, कारण देशभर विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये त्या असतीलच असं नाही आणि पेनसिल्व्हेनियाला त्या लागतात: राज्याचा इतिहास आणि आगीपासून सुरक्षितता.

वर्ष वाया जाईल का? नाही. सातवी-आठवीचे गुण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (एकत्रित गुणपत्रकावर) सहसा येत नाहीत. मान्यतेचा प्रश्न नववीपासून खरा. तुटतात ते गणित आणि परकीय भाषा, कारण तिथे पुढचा धडा मागच्यावर उभा असतो. त्यामुळे हे दोन विषय धड्याच्या मध्यात नाही, चाचणी घेऊन बदलायचे. बाकीचे विषय सोमवारी बदलले तरी चालतात. वापरलेली पुस्तकं घेताना लेसन प्लॅन कुठल्या आवृत्तीचा आहे ते जुळवा, नाहीतर पानांचे क्रमांक चुकतात आणि रोजची दहा मिनिटं शोधण्यात जातात. पॅकेज परत करायचं असेल तर शुल्क आणि पुस्तकं यांचे नियम वेगवेगळे असू शकतात, ते लेखी मागा.

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार. त्याची तयारीही घरीच करायची, त्यासाठी वेगळं पुस्तक मागवायचं, असं आईच्या मनात होतं. तिथे थांबवलं. अमेरिकेत दृढीकरणाचं वय समज येण्यापासून साधारण सोळापर्यंत, आणि नेमकं कधी ते धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला भाग) ठरवतो. काही धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या परिसरात) दोन वर्षांची तयारी असते, काही ठिकाणी घरी झालेला अभ्यास धरतात, काही ठिकाणी नाही. आईने आधी फादरांना विचारलं. त्यांनी रविवारचा गट सुचवला. मुलीने विचारलं, तिथे वही असते का. फादर म्हणाले, पातळ आहे.